खडीवर दिलेलं गाणं

अंबूबाईनं ते गाणं खडीवर दिलं, तिथं चुकलं. घरात जात्यावर म्हटलं असतं तर ते चार भिंतींत राहिलं असतं. पण त्या साली बायांचं जातं बंद पडलं होतं आणि सगळं आयुष्य खडीवर आलं होतं.

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. कुंडलच्या डोंगराखाली रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. पुरुष सुरुंगाचे दगड फोडून टाकीत, बाया त्याची खडी करीत. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली नव्हती, अशा घरच्या बायाही डोक्यावर पदर ओढून दगडासमोर बसल्या. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्या हातानं हातोडा मारायचा. कपची उडाली की नडगीवर बसे. संध्याकाळी पायावर पाणी ओतावं तर पाणी नसे. बाया रक्त थुंकीनं पुसत. दुपारी सरकारकडून सुकडी, भाजलेलं गोड पीठ, मिळे. ती पदरात बांधून बऱ्याच जणी घरी पोरांसाठी नेत.

तिथं गाणी सुरू झाली. जात्याची घरघर नव्हती, हातोड्यांचा ठेका होता. त्यावर ओवी बरोबर बसे. गावोगावच्या बाया एका ठिकाणी आल्या होत्या, आणि प्रत्येकीजवळ स्वतःची जुळवलेली गाणी होती. हळूहळू एक रीत पडली. एखादीचं गाणं दुसरीला आवडलं की ती ते मागून घेई. मागताना गाण्यामागची गोष्टही मागायची. कुणाचं गाणं, कुठल्या घरातलं, कशावरून सुचलं, हे देणारीनं गाव-नावासकट सांगायचं. त्याशिवाय घेणारी ते गाणं तोंडात धरत नसे. बिननावाचं गाणं म्हणजे बेवारस.

अंबूबाईच्या शेजारी मदिनाबी बसे. तिचा नवरा मौला बांगड्या विकायचा. दुष्काळात बांगड्या कोण भरणार, म्हणून तो सांगलीला हमालीला गेला होता. मदिनाबीनं त्याच्यावर गाणं केलं होतं:

मौला माझा गेला, सांगलीच्या बाजारी
चिंचंखाली हुभी मी, डोळं लावून दुपारी

"ह्याची गोष्ट?" कुणीतरी विचारलं.

"गोष्ट कसली डोंबलाची!" मदिनाबी म्हणाली. "जाताना म्हनला, तुला हिरवं लुगडं धाडतो. धाडलं काय, तर झाडू! त्येबी वापरल्याला!"

बाया हसून हसून मागं रेलल्या. "आगं, मग झाडूवर कर की गानं!"

"हात चालवा, तोंड न्हवं," लांबून मुकादम ओरडला.

"तोंड चालतंय म्हनूनच हात चालत्यात, दादा," मदिनाबी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

अंबूबाई हसली नाही. ती इतक्या दिवसांत एकदाही गायली नव्हती. एके काळी वस्तीवरच्या लग्नात हळद दळायला तिच्याशिवाय चालत नसे. पौषात तिची लेक हरणा गेली, तेव्हापासून तिचं तोंड मिटलं होतं. मदिनाबीनं कधी आग्रह केला नाही. त्या दिवशी मात्र हसू ओसरल्यावर हातोडा खाली ठेवून ती म्हणाली, "अंबूबाय, आत ठेवून ठेवून आंबल. काढ भाईर."

अंबूबाईनं दगड बदलला. दोनचार घाव घातले. मग मान वर न करता सुरू केलं:

हरणा म्हनती गं, डोळ्याम्होरं अंधारी
सासू म्हनती गं, जा गं भर घागरी

खोल गेलं पानी, दगडाच्या पायठनी
दोन जिवाची माझी, उतरली हरनी

घागर आली वर, दोरानं वडून
लेक ऱ्हायली तळाला, मायेला सोडून

आसपासचे हातोडे एकेक करून थांबले.

मदिनाबीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही. "हे मला दे," ती म्हणाली.

आणि अंबूबाईनं रीतीप्रमाणं गोष्ट दिली. डोंगरापलीकडं करंजदरा. तिथल्या गुंडाला हरणा दिलेली. पदरात शालू नावाची पाचएक वर्षांची पोर, आणि पोटात दुसरं. तिथली विहीर पार तळाला गेलेली. भिंतीतून पुढं आलेल्या दगडी पायठण्यांवर पाय देत खाली उतरायचं, घागर भरायची, वरच्यांनी ती दोरानं ओढायची. हरणाला दोन दिवस ताप होता. आत्याबाई, भोवळ येती, म्हणाली. सासूनं, भामाबाईनं, रिकामी घागर तिच्या पायाशी ठेवली. हरणा उतरली, घागर भरली, दोर बांधला, आणि वर चढताना पाय सुटला. वरच्यांनी आधी घागर ओढली. फुटू नये म्हणून. मग हाका मारल्या. विहिरीवर जी बाई हजर होती, तिनंच हे तिसऱ्या दिवशी अंबूबाईच्या कानात सांगितलं होतं.

"'न्हाई' म्हनायचं तिला ठावंच न्हवतं," अंबूबाई म्हणाली. "ल्हानपनापासनं. म्या सांगितलं तर तापल्या तव्यावर हात ठेवला असता तिनं."

गाणं मदिनाबीनं घेतलं, तिच्याकडून आणखी कुणी घेतलं. खडीवरच्या बाया रोज संध्याकाळी आपापल्या गावाला जात. गाणं त्यांच्याबरोबर गेलं, गोष्टीसकट, करंजदऱ्याच्या नावासकट, भामाबाईच्या नावासकट. तासगावच्या बाजारात म्हणे भाजीवाल्या बाया ते म्हणत होत्या. अंबूबाईला हे कळलं तेव्हा तिला बरं वाटलं. लेकीचं कुणीतरी ऐकून घेतलं, असं वाटलं.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखितीला लेकी माहेरी येतात. लेक नाही, तर लेकीची लेक तरी आणावी म्हणून अंबूबाईचा नवरा नाथाजी पहाटेच निघाला. दोघांनी आपापल्या वाट्याची सुकडी दोन दिवस राखून ठेवली होती. ती नाथाजीनं रुमालात बांधून घेतली. शालूला सुकडी आवडेल, गोड असते.

तो दिवस मावळायच्या आत परतला. एकटाच. दारातच बसला. पायातल्या चपला काढायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"पोरगी?" अंबूबाईनं विचारलं.

"पानी दे."

तिनं तांब्या दिला. तो घटाघटा प्याला. "तिथं कुनी पानी बी इचारलं न्हाई," तो म्हणाला. "उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. पायरीवर बसवलं. येनारी-जानारी मानसं बघत हुती."

"आन शालू?"

"दाराच्या फटीतनं दिसली. 'आबा' म्हनून वराडली, तवर कुनीतरी झग्याला धरून आत वडली." त्यानं रुमाल झटकला. रुमाल रिकामा होता. "सुकडी दिली, तर भामाबाय म्हनली, आमी उपाशी न्हाई. कोंबड्यांम्होरं टाकली."

अंबूबाईनं रिकामा रुमाल उचलून त्याची घडी घातली.

"गान्यामुळं," नाथाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो नुसता थकला होता. "तुझ्या गान्यामुळं."

दोन दिवसांनी गुंडाचा चुलता आकाराम आला. वयस्कर, पांढऱ्या मिशांचा, कधीकाळी पलटणीत असलेला माणूस. नाथाजीनं घोंगडं टाकलं. आकारामानं चहा घेतला, दुष्काळाच्या गप्पा केल्या, म्हसरं चाराछावणीवर नेली का ते विचारलं. मग कप पालथा घालून म्हणाला, "आक्का, गुंडाचं पलूसकडं जमत आलं हुतं. पोरीच्या घरच्या बायांनी गानं ऐकलं आन नकार कळवला. म्हनल्या, आमची पोर हिरीत ढकलायला न्हाई वाढवली."

दाराआडून अंबूबाई म्हणाली, "बरं केलं त्यांनी."

"तुमच्या जागंवर मीबी असंच म्हनलो असतो." आकाराम सावकाश बोलत होता. "पर गुंडा दुसरं करनारच. आज न्हाई तर उद्या. तरना गडी हाय. शालू त्या घरातच ऱ्हानार. तिच्या आज्जीच्या मनात जर तुमच्याबद्दल इख असलं, तर ते कुनावर निघंल?"

नाथाजी घोंगड्याची दशी ओढत राहिला.

"मी पंच बसवले असते," आकाराम म्हणाला, "पर बायांच्यातनं गेल्यालं गानं पंचांनी कसं माघारी आनायचं? गान्यानं गेलंय, गान्यानंच यायला पायजे. तुमी करंजदऱ्याला या. दुसरं गानं म्हना. पलूसकडच्या बाया बोलवतो. गान्याची गोष्टबी सांगा, तुमच्यात रीत हाय तशी. मग पोरगी घेऊन जावा, पाऊस लागंस्तवर ठेवा. दर सनाला धाडायची जबाबदारी माझी."

"आन न्हाई म्हनले तर?"

आकारामानं फेटा सारखा केला. "मग मला दोष देऊ नगा. शालू तुमाला ह्या जन्मात दिसायची न्हाई."

तो गेल्यावर नाथाजीनं घोंगडं गुंडाळलं. "हरणा गेली," तो म्हणाला. "ती आता कुठल्याच गान्यानं याची न्हाई. शालू जित्ती हाय."

"मला कळत न्हाई व्हय?" अंबूबाई खेकसली. मग तिला त्याच्या मानेकडं बघून वाईट वाटलं. दुष्काळानं ती मान काठीसारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती खडीवर गेली नाही. रेशनवर मिळालेली परदेशी ज्वारी, लाल मिलो, बऱ्याच दिवसांनी जात्यात घातली आणि बसली. तिला वाटलं होतं, खोटं गाणं जमायला वेळ लागेल. मनातून तिला ते जमू नये असंही वाटत होतं. पण जन्मभर ओव्या जुळवलेली बाई. खुंटा दोनदा फिरला आणि शब्द आपोआप समोर येऊन उभे राहिले:

सासू म्हनती गं, घरी बस गं बाई
हरणा म्हनती गं, तुमी थकला आत्याबाई

तिचा हात थांबला. गाणं चांगलं होतं. पहिल्यापेक्षा गोड होतं. त्याची तिला शिसारी आली. तिनं मिलोची मूठ उचलून भिंतीवर मारली, मग उठून एकेक दाणा वेचला. दाणे टाकायचे दिवस नव्हते.

करंजदऱ्यात भामाबाईच्या अंगणात सतरंजी टाकली होती. गावातल्या बाया होत्या, पलूसकडच्या दोघी जणी होत्या. ओट्याला टेकून भामाबाई बसली होती, तोंड कडक करून. पण ती वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती. तिच्या मागं दाराच्या अंधारात शालूचे डोळे दिसत होते.

अंबूबाईनं पदर सावरला आणि ती गायली. आवाज फाटेल असं तिला वाटलं होतं. तो फाटला नाही. सासू घरी बस म्हणते, सून ऐकत नाही. सासू हातातली घागर ओढून घेते, सून ती परत घेते. पायठणी निसटते. वर सासू ऊर बडवते. गाणं संपलं तेव्हा बाया पदर डोळ्यांना लावत होत्या.

"आता गोष्ट सांगा," पलूसकडची थोरली म्हणाली.

गाणं गळ्यानं म्हणता येतं. गोष्ट साध्या बोलण्यात सांगायची, समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून. अंबूबाईनं ओठ ओले केले. मग तिनं एक केलं. तापलेल्या हरणाजवळ आपण असतो तर काय केलं असतं, ते ती सांगायला लागली. सासूनं कपाळाला हात लावून पाहिला. गवती चहा उकळून दिला. अंगावर वाकळ घातली. केस मोकळे करून तेलाचं बोट फिरवलं, तेल नव्हतं तर डबा पुसून काढलं. म्हणाली, आज पाण्याला मी जाते, माझी हाडं अजून धड आहेत. आईनं जे जे केलं असतं, ते एकेक काढून अंबूबाईनं भामाबाईच्या हातात दिलं.

"आन घागर?" ती थोरली बाई सोडणारी नव्हती. "घागर आदी वर आली म्हनत्यात, ती?"

अंगणात कोंबड्या चरत होत्या. त्यांच्याकडं बघत अंबूबाई म्हणाली, "घागर दोराला हुती. दोर वडला तर तीच हाताला येनार. कुनाचा दोस?"

भामाबाईच्या घशातून एकदम आवाज फुटला. ती खरंच रडत होती. तोंडात पदराचा बोळा कोंबून, गुडघ्यांत डोकं घालून. शेजारणीनं पाठीवर हात ठेवला तशी ती हुंदक्यातून म्हणाली, "लय सांगितलं वो तिला... लय सांगितलं..."

अंबूबाई बघत राहिली. भामाबाई ढोंग करत नव्हती. गाणं तिनं घेतलं होतं.

शालू आली. वाटेत आजीच्या बोटाला धरून चालताना ती सारखी बोलत होती: करंजदऱ्याच्या आज्जीची शेळी व्यायली, बाबाला नवी आई आणायची आहे, मी कळशी घेऊन नव्या हापशाला जाते. अंबूबाई तिच्या डोक्यावरचं मऊ केसांचा भोवरा बघत चालली. लेकीच्या डोक्यावर नेमका तिथंच भोवरा होता. चढ लागला तसं तिनं पोरीला पाठुंगळी घेतलं, आणि धाप लागली तरी वस्तीपर्यंत खाली उतरवलं नाही.

खडीवर ती शालूला घेऊन गेली. बाभळीच्या विरळ सावलीत फडकं टाकून तिला बसवलं. मदिनाबी आपल्या दगडावर होती.

"बदललंस म्हनं," मदिनाबी म्हणाली.

"व्हय."

"मला कुनी न्हाई सांगू शकत बदल म्हनून. मी माझं पयलंच म्हननार. तू मला दिलंयस ते."

"म्हनू नगंस." अंबूबाईनं तिच्या मनगटाला धरलं. "एकदा जरी त्यांच्या कानावर गेलं तर पोरीला न्हेत्याल. मदिना, तुला मौलाची आन हाय. इसर."

मदिनाबी तिच्याकडं बघत राहिली. मग मनगट सोडवून घेतलं, बोटांची सुटलेली चिंधी दातात धरून घट्ट बांधली, आणि हातोडा उचलला. त्या दिवशी ती काहीच गायली नाही. दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या पलीकडच्या टोळीत जाऊन बसली. जाताना शालूच्या ओंजळीत आपली सुकडी घालून गेली.

नवं गाणं जुन्यापेक्षा लवकर पसरलं. त्यात कुणाला शिव्या नव्हत्या, ते सासूपुढंही म्हणता येई आणि सुनेपुढंही. जुनं गाणं ज्यांच्याकडं होतं, त्यांनीही हे घेतलं. गुंडाचं लग्न जमलं. आकारामानं निरोप धाडला, सगळं ठीक झालं म्हणून. त्याच निरोपात होतं, की पावसाची वाट न बघता, लग्न झालं की लगेच शालूला न्यायला येतो.

वैशाखातल्या एका दुपारी मदिनाबीच्या रिकाम्या जागी विट्याकडची एक नवी बाई येऊन बसली. तरणी होती, बोलकी होती. हातोडा धरता येत नव्हता. अंबूबाईनं तिला दगड कसा आडवा धरायचा ते दाखवलं, बोटांना चिंधी बांधून दिली. थोड्या वेळानं ती बाई गुणगुणायला लागली. घरी बस गं बाई... तुमी थकला आत्याबाई...

"मावशी, हे तुमाला येतं का?" तिनं विचारलं. "लय ग्वाड हाय. देऊ? करंजदऱ्याची गोष्ट हाय. सासू आईवानी माया करनारी. पोरगी मातुर हट्टी. सासू पाया पडायची ऱ्हायली हो, नगं जाऊ म्हनून. ऐकलं न्हाई. स्वताबी गेली आन पोटातलंबी न्हेलं. आसल्या सासवा कुठं मिळत्यात?"

"येतं मला," अंबूबाई म्हणाली.

"मग म्हना की संगं!"

अंबूबाईनं तिच्याबरोबर म्हटलं. बाभळीखाली शालू खड्यांची चूल मांडत होती. तिचे हात थांबले. गाणं संपलं तशी ती उठून आली आणि आजीच्या गुडघ्याला चिकटून उभी राहिली.

"आज्जे."

"काय गं?"

"हे माझ्या आईचं गानं हाय ना? करंजदऱ्याची आज्जी म्हनती."

"व्हय."

"आज्जी नगं म्हनत हुती, तरी आई गेली?"

नवी बाई हातोडा धरून दोघींकडं बघत होती. ही उद्या कुठल्या गावात काय बोलेल ते सांगता येत नव्हतं. आणि पोरगी चार दिवसांनी त्या घरात परत जाणार होती, आजीनं काय सांगितलं ते तिथं सांगणार होती.

"आई हट्टी हुती?" शालूनं विचारलं.

उन्हानं दगड तापले होते. अंबूबाईच्या मुठीतला दगड हाताला पोळत होता, तो तिनं सोडला नाही.

"व्हय बाळ," ती म्हणाली. "लय हट्टी हुती."

शालूनं मान डोलावली. तिला ते पटलं. मग शहाण्या माणसासारखी ती म्हणाली, "मी न्हाई तसली. मी आज्जीचं ऐकती. ती पानी आन म्हनली, की लगीच जाती."

आणि ती आपल्या चुलीकडं पळाली.